पाळीने वसविलेले गाव
नवेगावबांधच्या स्थापनेची आणि वाढीची तीनशे वर्षे

नवेगाव म्हणजे नव्याने वसलेले गाव. विदर्भात या नावाची गावे अनेक आहेत. गोंदिया जिल्ह्याच्या मोरगाव अर्जुनी तालुक्यातील नवेगावाने सुमारे तीनशे पावसाळे पाहिले, तरी नाव नवेच राहिले. मात्र त्याच्या नावाला ‘बांध’ हा शब्द कायमचा जोडला गेला. त्याच तालुक्यात सिरेगावबांध आहे, शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात शिवनीबांध आहे. माणसांना आडनावे असावीत, तसे या गावांना बांध आहेत. हे आडनाव त्यांना योगायोगाने मिळालेले नाही. वैनगंगेच्या पूर्वेकडील झाडीपट्टीत गाव वसविणे याचा अर्थच पाणी अडविणे असा होता. घरे, देऊळ, चावडी हे सारे त्यानंतरचे.

नवेगावबांधला येणारा शहरी पर्यटक डोंगरांच्या कुशीतील अथांग जलाशय पाहून तो निसर्गाची देणगी आहे असेच समजतो. सांगितल्याशिवाय पाळ लक्षातही येत नाही. मातीच्या त्या पाळीवर झाडे उभी आहेत आणि ती दोन्ही टोकांना टेकड्यांत इतकी बेमालूम मिसळली आहे, की माणसाने केलेले काम कोठे संपते आणि डोंगर कोठे सुरू होतो, हे ओळखणे कठीण जाते. इंग्रजकालीन नोंदीनुसार या जलाशयाचे क्षेत्रफळ पाच चौरस मैल, म्हणजे सुमारे १३ चौरस किलोमीटर, आणि परीघ १७ मैल, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर होता. हे काम कोणत्याही सरकारने केलेले नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील या कोहळी जातीच्या गावप्रमुखाने ते उभारले.

कोहळी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील शेतकरी. रसेल आणि रायबहादूर हीरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा आपला चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळ्यांची ओळख जलाशय बांधणारी जात म्हणूनच करून दिली आहे. १९११ च्या सुमारास त्यांची संख्या अवघी २६ हजारांच्या आसपास होती. एवढ्या लहानशा समाजाने एका विस्तीर्ण प्रदेशाचा भूगोल पालटला, ही गोष्ट लक्षणीय होय. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना सोबत घेऊन आला, अशी कोहळ्यांची परंपरागत समजूत. आपली पहिली वस्ती लांजीला झाली, असे भंडाऱ्याकडील कोहळी सांगत. लांजी आज मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात आहे. परंपरेतील तपशील बाजूला ठेवला तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : हे लोक बाहेरून आले होते आणि त्यांना येथे आणण्यात गोंड सत्तेचा हेतू होता.

तो हेतू समजून घेतल्याखेरीज नवेगावची स्थापना समजणार नाही. गोंड राजांकडे जमीन अमाप होती, पण ती जंगलाखाली होती. महसूल जंगल देत नाही, शेत देते. चांद्याच्या हीरशहा राजाने, जो कोणी जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याची प्रथा पाडली, अशी माहिती मेजर लुसी स्मिथ यांच्या १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात आहे. तलावासाठी दिलेल्या अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर आणि गडचिरोली भागांत ‘तुकूम’ हा शब्द गावांच्या आणि वस्त्यांच्या नावांत आजही आढळतो. चंद्रपूर शहरातील तुकूम भागात राहणाऱ्या कितीजणांना आपण एका जुन्या जलनीतीच्या नावात राहतो याची कल्पना असेल, कोण जाणे.

या नीतीची मेख अशी, की बक्षीस श्रमाच्या मापाने मिळत नव्हते, पाण्याच्या मापाने मिळत होते. पाळ कितीही लांब बांधली, पण पाणी शेतापर्यंत पोहोचले नाही, तर पदरात काही पडत नसे. त्यामुळे जागा निवडणे हेच तलाव बांधण्यातील खरे कौशल्य ठरले. थोड्यात थोडी माती घालून जास्तीत जास्त पाणी कोठे अडेल, हे ज्याच्या नजरेला कळे तो पाटील. नवेगावला टेकड्यांची रांग अर्धवर्तुळाकार उभी होती. धरणाचे बहुतेक काम डोंगरांनी आधीच करून ठेवले होते. डोंगरांमधल्या खिंडी तेवढ्या बुजवायच्या होत्या. कोलू पाटलांनी नेमके तेच केले.

सात बहिणी आणि एक देव

जलाशयाभोवतीच्या टेकड्यांना ‘सातबहिणी’ म्हणतात. या सात बहिणी म्हणजे सात देवता, आणि बांधाच्या कामी त्या कोलू पाटलांना साहाय्यभूत झाल्या, अशी लोकश्रद्धा आहे. पुढे खुद्द कोलू पाटलांनाच देवत्व प्राप्त झाले. ‘कोलासूर’ या नावाने त्यांची पूजा होऊ लागली आणि त्याच टेकड्यांपैकी एकीवर त्यांचे ठाणे आहे. महाराष्ट्रात तलाव बांधणाऱ्या राजांचे शिलालेख आहेत, सरदारांच्या समाध्या आहेत. परंतु एका गावच्या पाटलाला पाणी अडविल्याबद्दल लोकांनी देव केले, असे उदाहरण सहसा सापडत नाही.

लोककथा आणि अभियांत्रिकी येथे एकमेकींच्या विरोधात नाहीत. डोंगरांच्या मदतीने धरण झाले, असेच दोघी सांगतात. फक्त एक डोंगरांना बहिणी म्हणते.

मात्र या कथेत काही माणसे दिसत नाहीत. मातीच्या टोपल्या वाहणारे, माती थरावर थर चोपून पाळ घट्ट करणारे शेकडो हात कोणाचे होते, याची आठवण कोणत्याही ठाण्यात ठेवलेली नाही. शिवाय ज्या जंगलात हे ‘नवे’ गाव वसले ते निर्मनुष्य नव्हते. गोंड आदिवासी तेथे आधीपासून होते, टेकड्या त्यांच्या देवांच्या होत्या. सात बहिणींची देवळे कोहळी येण्यापूर्वीच्या श्रद्धेशी नाते सांगतात, असे मानण्यास जागा आहे. नवेपण कोणासाठी होते, हा प्रश्न अशा प्रत्येक नवेगावाला विचारता येईल.

काळही विलक्षण होता. देवगडच्या बख्त बुलंदशहाने १७०२ मध्ये नागपूर वसविले, ते गोंड सत्तेचे शेवटचे मोठे काम म्हणावे लागेल. त्याच शतकाच्या मध्यापर्यंत देवगड आणि चांदा ही दोन्ही राज्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेली. वर राज्ये पालटत असताना खाली एका खेड्यात पाळ उभी राहत होती. राजा बदलला तरी पाटील बदलला नाही, कारण पाणी कसे सोडायचे हे पाटलालाच ठाऊक होते.

पाण्यामागून आलेले गाव

या भागात तलावाची इतकी निकड का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. येथे वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्याच्या दृष्टीने ही चैन आहे. पण झाडीपट्टीचे पीक धान आहे आणि धानाला पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला याचे महत्त्व अधिक. आषाढात पऱ्हे तयार झाले की रोवणीला चिखल हवा. पुढे बांधीत पाणी उभे हवे. आणि दाणा भरण्याच्या सुमारास, पाऊस परतीला लागलेला असताना, शेवटचे एक पाणी हवे. ते चुकले की लोंबी पोकळ राहते. जमिनीखाली कठीण खडक असल्यामुळे विहिरींचा आधार तोकडा. म्हणून श्रावण-भाद्रपदातले पाणी आश्विनासाठी राखून ठेवणारा तलाव हाच येथल्या शेतकऱ्याचा विमा होता.

गावाची वाढ याच क्रमाने झाली. पाळीखालची पहिली जमीन पाटलाची. तिला लागून उतारावर बांध्या पडत गेल्या. प्रत्येक बांधीला चहूबाजूंनी धुरे आणि वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरण्याची सोय. तलावाच्या पाळीत पाणी सोडण्याचे दार असे, त्याला ‘तुडुम’ म्हणतात. जास्तीचे पाणी बाजूच्या सांडव्यातून निघे आणि अनेक ठिकाणी ते खालच्या दुसऱ्या तलावात वा बोडीत जाऊन पडे. बोडी म्हणजे लहान तळे. कुळे वाढली, शेते दूर सरकली, की नवी बोडी खोदली जाई. भंडारा जिल्ह्याला इंग्रज अंमलदार नागपूर प्रांताचा तलावांचा प्रदेश म्हणत, तो या अशा वाढीमुळे. एका मोठ्या तलावाच्या पोटी अनेक बोड्या जन्माला आल्या आणि एका गावापोटी टोल्या-टोल्या.

कोहळ्यांचे दुसरे आवडते पीक ऊस होते. धान पावसाळ्यात निघे; ऊस मात्र वर्षभर पाणी मागे. ज्या गावात ऊस उभा आहे त्या गावचा तलाव उन्हाळ्यातही तळ दाखवत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. गुऱ्हाळाभोवती मजूर, सुतार, लोहार आले. गुरे राखायला गोवारी आले, तलावात मासेमारीसाठी ढिवर आले, कुंभारांना तलावाकाठची माती मिळाली, कोतवालीचे काम महारांकडे आले. वेशीवर मातामाय बसली. दिवाळीनंतर मंडई भरू लागली आणि तिच्यात रात्रभर दंडार चालू लागली. हे चित्र एकट्या नवेगावबांधचे नाही. झाडीपट्टीतील तलावाकाठच्या बहुतेक गावांची घडण थोड्याफार फरकाने अशीच आहे. नवेगाव त्यांच्यात थोरले.

या घडणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे वाटप. पाणी कोणी, कोणत्या क्रमाने, किती घ्यायचे. उन्हाळ्यात गाळ कोणी काढायचा. पाळीला भगदाड पडले तर रात्री कोण धावणार. गाळ कोणाच्या शेतात टाकायचा. मासे कोणी धरायचे आणि त्यातला वाटा कोणाला द्यायचा. पाटलाचा अधिकार आणि पाटलाची जबाबदारी एकाच दोरीने बांधलेली होती. तलाव फुटला तर पहिले नुकसान त्याच्याच शेताचे होणार होते.

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत वसुली करणाऱ्या पाटलांना गावाची मालकी बहाल करण्यात आली. पाटील ‘मालगुजार’ झाला आणि त्याचा तलाव ‘मालगुजारी तलाव’. त्याच वेळी गावोगावच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात लिहून घेण्यात आल्या. पाणी, मासे, रस्ते, चराई यांबाबतचे तोंडी नियम प्रथमच कागदावर आले. मालगुजारीचा काळ सुवर्णयुग होता, असे कोणी समजू नये. मालगुजाराच्या शेतावर बिनमोल राबणे हेही त्याच व्यवस्थेचे अंग होते आणि पाण्याचा पहिला घोट नेहमी वाड्याकडेच जाई. पण तलाव दुरुस्त राहत होते, हेही तितकेच खरे.

दोरी तुटली

मध्य प्रदेशाने १९५० मध्ये मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. कसणाऱ्याला जमीन मिळाली. ही सुधारणा न्याय्यच होती. तलाव सरकारजमा झाले. परंतु मालगुजार गेला तेव्हा त्याचा हक्क आणि त्याचे कर्तव्य ही दोन्ही एकदमच गेली आणि सरकारने त्यांपैकी हक्क तेवढा उचलला. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पाणी वापरायचे तर पाणीपट्टी द्या, अशी मागणी होऊ लागली. आमच्या वाडवडिलांनी बांधलेल्या तलावाच्या पाण्याला पैसे कसले, आमचा निस्तार हक्क कागदोपत्री आहे, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, असे सरकारी उत्तर. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी तर्कशुद्ध होते. मधल्या मध्ये तुडुमे गळू लागली, गाळ साचत गेला, आटलेल्या कडांवर अतिक्रमणे झाली.

पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार तलाव आहेत. ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांबलचक सरकारी नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत रूप केले. मामा म्हटले की लाड आले. या मामांच्या वाट्याला मात्र ते क्वचितच आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या कायद्यातही, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद कायम आहे. म्हणजे रूढी कायद्याने जिवंत आहे; ती पाळून घेणारा माणूस तेवढा उरला नाही.

नवेगावबांधच्या नशिबी वेगळे वळण आले. १९७५ मध्ये येथील जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. पाण्यासाठी बांधलेला तलाव आता पक्ष्यांसाठी ओळखला जाऊ लागला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांचे थवे, पाणथळीतील करकोचे, काठावरचे वन्यजीवन यांची ओळख मराठी वाचकांना करून दिली ती वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक या गावाच्या नावानेच आहे, आणि या पाण्यावरील पक्ष्यांचे ज्ञान आपल्याला गावातील माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून मिळाले, हे ऋण त्यांनी लेखनातून मान्य केले आहे. चितमपल्ली यांचे २०२५ मध्ये निधन झाले. २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा यांचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. संरक्षणाच्या या प्रवासात जंगलातील काही गावे उठवून बाहेर वसविण्यात आली. कोलू पाटलांच्या काळी जंगल हटवून गाव आले होते. आता गाव हटवून जंगल राखले जाते.

गावे वसण्याची प्रक्रिया या तालुक्यात थांबलेली नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. नवेगावबांधपासून फार दूर नसलेल्या गोठणगाव-प्रतापगड परिसरात १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची ‘नोर्ग्येलिंग’ ही वसाहत उभी राहिली. हिमालयापलीकडची माणसे झाडीपट्टीच्या उन्हाळ्यात आली आणि धान पिकवू लागली. तेही बाहेरून आणलेलेच लोक होते, त्यांनाही जंगलालगतची जमीन मिळाली होती. राजाच्या सनदेऐवजी येथे सरकारी आदेश होता. सुमारे अडीचशे वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन स्थापनांत एक फरक मात्र ठळक आहे. निर्वासितांची वसाहत वसली ती वसविण्याची वेळ आली म्हणून. कोलू पाटलांचे गाव वसले ते पाणी अडले म्हणून.

मामा तलावांच्या पुनरुज्जीवनाच्या घोषणा अनेकदा झाल्या आणि गाळ काढण्याची कामेही झाली. पण यंत्राने गाळ काढला की तलाव खोल होतो, जिवंत होतोच असे नाही. मोरगाव अर्जुनी परिसरात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने वेगळा मार्ग धरला. ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांना सोबत घेऊन त्यांनी तलावांतील बेशरमाची झुडपे काढली, उन्हाळ्यात तलावाचे आटलेले पोट नांगरले आणि तेथे पूर्वी आढळणाऱ्या पाणवनस्पतींची पावसाळ्यात पुन्हा लावणी केली. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते आणि कोणत्या पक्ष्याला, हे ज्ञान ढिवरांकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. पाणीवाटपाच्या हिशेबात त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच. या लावणीत ढिवर स्त्रिया पुढे आहेत. गुडघाभर चिखलात ओळीने वाकून त्या रोपे लावतात. दुरून पाहणाऱ्याला ती धानाची रोवणीच वाटते.